विचारायला गेलो, तेव्हा बायका निघून गेल्या होत्या

नंदुरबारहून परत आल्यावर घरी सगळ्यांनी विचारलं, कसा झाला प्रवास. मी म्हणालो, छान झाला, डोंगर फार सुंदर आहेत. डोंगर सुंदर आहेतच. पण त्या प्रवासात मी बहुतेक वेळ घाबरलेला होतो, आणि ते घरी सांगायची लाज वाटली. म्हणून इथे लिहितो आहे. तिकडे न गेलेल्यांना निदान एवढं कळावं की सरकारी कागद घेऊन चढावर जाणाऱ्या माणसाला भीती कशाकशाची वाटते, आणि त्यातली किती भीती त्याने स्वतःच तयार केलेली असते.

माझं काम थोडक्यात सांगतो. आमची संस्था पुण्याची. सरकार एखादं धोरण आखतं, तेव्हा त्याचा मसुदा घेऊन आम्ही ज्यांच्यासाठी ते धोरण आहे त्यांच्याकडे जातो, त्यांचं म्हणणं ऐकतो आणि अहवाल देतो. या वेळचा मसुदा सातपुड्यातल्या बाळंतपणांबद्दल होता. पाड्यांवरच्या गरोदर बायकांनी दिवस भरत आले की तालुक्याच्या गावी बांधलेल्या निवासगृहात येऊन राहायचं. सोबत एक नातेवाईक. बाळंतपणाच्या खोलीत मात्र फक्त प्रशिक्षित माणसं. वाटेत दगावणाऱ्या बायका वाचाव्यात, हा त्यामागचा हेतू. मला तो पूर्ण पटलेला होता. मसुद्याच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतं: ठरलेल्या मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल. असं वाक्य मी इतक्या वेळा वाचलेलं आहे की त्याच्यावरून नजर नुसती घसरते.

म्हसावद

नंदुरबार स्टेशनवर संजूभाऊ जीप घेऊन उभे होते. शहाद्याचे, चाळिशीचे, स्वतःचीच गाडी चालवणारे. तापी ओलांडली आणि केळी, पपई, ऊस असा हिरवा पट्टा सुरू झाला. उन्हाळा ऐन भरात, पण शेतांत पाणी खेळत होतं. डोंगरातली बरीच कुटुंबं मजुरीला याच शेतांत उतरतात, म्हणून पहिली बैठक म्हसावदला ठेवली होती.

बैठक पुरुषोत्तमभाईंच्या ओट्यावर झाली. हे गुजर शेतकरी, साठीच्या पुढचे, केळीचे मोठे बागायतदार. मी मसुदा वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, मग चष्मा वर सरकवला.

"साहेब, एक इचारू का? तुमी ठराईसन इचारी ऱ्हायनात, का इचारीसन ठरावशात?"

ओट्यावरची मंडळी हसली. मी म्हणालो, "अजून काहीच ठरलेलं नाही. म्हणून तर आलो."

"मंग हाऊ कागद इतला गुळगुळीत कसा शे?"

परत हसू. मीही हसलो, पण मला ते लागलं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चौघं बोलतात, बाकीचे चहा पिऊन सही करतात, आणि ठराव मात्र 'सर्वानुमते' होतो. मी गेली कित्येक वर्षं बाकीच्यांत बसून सही करत आलो आहे.

जेवायला दादर ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी होती. पहिल्या घासाला मला ठसका लागला आणि उचकी सुरू झाली, ती थांबेना. पुरुषोत्तमभाईंनी स्वतः ताकाचा तांब्या पुढे केला. मग आवाज उतरवून म्हणाले, "मन्हा मळामा मांगला साले एक बाई बाळतीन व्हयनी. मी गाडी काढी. पन ती बसनीच नही."

"का?"

"तिले वाटनं, गाडीमा बसेल बाई परत येत नही." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "वर जाशात ते सांभाळीसन जा. त्या लोके वंगाळ नहीत. पन तुमी गाडीमा जाई ऱ्हायनात."

हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा अर्धंच शिरलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी शिरलं.

घाट

मला उंचीची भीती वाटते. पुण्यातल्या चौथ्या मजल्याच्या गच्चीवरही मी कठड्यापासून लांब उभा राहतो. त्यामुळे घाटाबद्दल मी जे लिहीन ते थोडं वाढवून लिहिलेलं असेल, असं समजून वाचावं.

रस्ता डोंगराच्या कुशीला चिकटून वर जातो. एका बाजूला कोरडा कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. समोरून प्रवासी जीप येत होत्या, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, आणि ती सगळी आरामात गप्पा मारत होती. अशी एक जीप वळणावर समोर आली तेव्हा संजूभाऊंनी आमची गाडी मागे घेतली, दरीच्या बाजूला. माझा हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला.

"साहेब, डोया मिटी ल्या," ते म्हणाले. "मन्हा उघडा शेतस ना."

एके ठिकाणी रस्त्याची कडा खचलेली होती. मी म्हणालो, मी उतरून चालत येतो. उतरलो. ऊन असं होतं की कातळाला हात लावता येईना. गाडी खचलेल्या जागेवरून सहज पुढे गेली आणि मी मागून धापा टाकत, कातळाच्या बाजूने, जवळजवळ भिंतीला घासत चालत राहिलो.

पुढच्या वस्तीवर रेशमाताई थांबल्या होत्या. त्या आशा सेविका. पलीकडच्या गावच्या, पण पाड्यांवरची पावरी बोली आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या, म्हणून त्यांना सोबत घ्यायचं ठरलं होतं. तिशीच्या, उंच, बोलायला फटकळ. माझी अवस्था पाहून म्हणाल्या, "सर, असे चालत आलात तर पाड्यावर पोचेपर्यंत आंब्याचा हंगाम संपेल."

घाटमाथ्यावर पोचल्यावर मात्र मी खरोखर थक्क झालो. डोंगरांच्या ओळीमागे ओळी, पळसाची पानं अजून कोवळी, मोहाच्या झाडांखाली फुलं वेचायला स्वच्छ केलेली जमीन. आणि सगळीकडे आमचूर. कैऱ्या सोलून, कापून खडकांवर वाळत घातलेल्या. लांबून वाटत होतं, डोंगरावर कुणी पांढरं धुणं पसरलं आहे. आमच्याकडे एका घराला दुसरं घर चिकटलेलं असतं. इथे प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर, आपापल्या शेताजवळ. शेजाऱ्याला हाक मारायची तर दरी ओलांडून मारावी लागते. हे पाहायला रम्य होतं. बैठकीचा निरोप अशा घरांपर्यंत कसा पोचतो, हा विचार मात्र मला तिथे शिवला नाही.

पाडा

पाड्याचं नाव मी लिहीत नाही. गाडी रस्ता संपतो तिथे थांबली आणि आम्ही थोडं चढून रायसिंगदादांच्या अंगणात गेलो. रायसिंगदादा गावचे कारभारी. पाड्याचं काही ठरवायचं असेल तर लोक त्यांच्या अंगणात जमतात. बांबूच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं मोठं घर. अंगणात पुरुष बसलेले होते. कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही. एकाने बाज पुढे ढकलली. मी बसलो.

मग माझं लक्ष अंगणाच्या कडेला गेलं. तिथे कैऱ्यांचा ढीग होता. अर्ध्या सोललेल्या, अर्ध्या तशाच. भोवती चार-पाच विळे जमिनीवर पडलेले. कापलेल्या फोडी काळ्या पडू लागल्या होत्या. एक बकरी निवांतपणे त्या खात होती आणि तिला हाकलायला कुणी नव्हतं. अंगणात एकही बाई नव्हती. लहान मुलीसुद्धा नव्हत्या.

मी स्वतःला समजावलं, बायका पाण्याला गेल्या असतील. सगळ्या एकदम?

मी मसुदा काढला आणि वाचू लागलो. एक परिच्छेद मी वाचायचो, रेशमाताई पावरीत सांगायच्या. कुणाचा चेहरा हलत नव्हता. म्हसावदला लोक हसले होते, टोमणे मारले होते. इथे फक्त माझा आवाज येत होता आणि तो मलाच परका वाटत होता. वाचून झालं. मी विचारलं, "कुणाला काही म्हणायचं आहे का?" शांतता. "काही हरकत?" शांतता. रायसिंगदादा जमिनीकडे पाहत होते. मागच्या रांगेतला एक माणूस मात्र सारखा खाली, गाडीकडे पाहत होता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हरकत नाही, म्हणजे संमती. लिहून टाकावं आणि उजेड आहे तोवर घाट उतरावा. मी पेनसुद्धा काढलं होतं.

रेशमाताईंनी माझ्याकडे न बघता रायसिंगदादांना काहीतरी विचारलं. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं. रेशमाताईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुम्ही वरून काय निरोप पाठवला होता?"

"काही विशेष नाही. बैठकीच्या दिवशी गावातल्या गरोदर महिला हजर राहतील असं बघा, एवढंच. ज्यांच्यासाठी धोरण आहे त्यांनाच विचारायला हवं ना."

"यांना आलेला निरोप असा आहे की गरोदर बायका तयार ठेवा, गाडी येते आहे."

मला काही क्षण अर्थच लागला नाही. मग एकदम लागला. मी फोनवर सांगितलं तालुक्याला. तालुक्याने सांगितलं खाली. प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाचं वाटलं तेवढं पुढे दिलं आणि थोडं आपल्याकडचं घातलं. मधे कुणीच खोटं बोललं नव्हतं. गरोदर बायका हव्या होत्या, आणि गाडी येणार होती.

"शेवटचा फोन मीच केला," रेशमाताई म्हणाल्या. "घाईत होते. तयार ठेवा असंच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

बायकांना पकडून गाडीत घालतील, दवाखान्यात नेतील, ऑपरेशन करून टाकतील, अशी बोलवा पाड्यावर पसरली होती. म्हणून सगळ्या बायका पोरींना घेऊन डोंगरात निघून गेल्या होत्या. आणि रायसिंगदादांची सून वेस्ती, जिचे दिवस भरले होते, ती आदल्या संध्याकाळीच वर गेली होती. तिचा नवरा गुजरातेत बांधकामावर. ती नेमकी कुठे आहे, हे फक्त तिच्या सासूला ठाऊक होतं.

ज्या बाईला रानात, उन्हात, एकटीने बाळंत व्हावं लागू नये म्हणून मी मसुदा घेऊन आलो होतो, ती माझ्यामुळे रानात, उन्हात, एकटी होती.

मी रायसिंगदादांना म्हणालो, "मी कुणाला न्यायला आलेलो नाही. त्यांना बोलवा. मी हात जोडतो."

ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, तुटक मराठीत. तिथली माणसं साहेबालाही तूच म्हणतात. त्यात अपमान नसतो, उलट मला ते बरं वाटलं. "तू बोलतोस ते खरं असेल. पण गाडी उभी आहे. आधी गाडी परत घाल."

"आणि तिला काही त्रास झाला तर? मग गाडी लागेल."

"ते पण खरं," ते म्हणाले.

मी खाली गाडीपाशी गेलो. संजूभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी बिडी विझवली. "साहेब, त्यास्ले सांगा, गाडी गई. मी तठे वळणना मांगे थांबस. कोनले दिसाव नही. लागनी ते लगेच येस."

मी "बरं" म्हणालो. हे मी लपवत नाही. मला ती युक्ती फार चांगली वाटली, कारण तिच्यात सगळ्यांचं भलं होतं आणि कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. संजूभाऊंनी गाडी सुरू केली, वळवली. मी वर चढू लागलो आणि अंगणात येईपर्यंत मनात वाक्य जुळवत राहिलो: गाडी पाठवली, आता बोलवा त्यांना.

अंगणातले सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मला भीती वाटली. तत्त्वाने थांबलो असतो तर ते इथे अभिमानाने लिहिलं असतं. पण मी थांबलो तो भीतीने. हे कळलं तर काय होईल, आणि हे कळणारच, असं मला त्या चेहऱ्यांकडे पाहून वाटलं. मी परत कडेला धावलो आणि ओरडून संजूभाऊंना थांबवलं. मग येऊन रायसिंगदादांना सांगितलं, "गाडी वळणामागे लपवायचं आम्ही ठरवत होतो. तसं करत नाही. तुम्हीच सांगा काय करायचं."

रेशमाताईंनी याचं भाषांतर करायला जरा वेळ घेतला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. रायसिंगदादा म्हणाले, "हे मी एकटा नाही सांगू शकत." आणि त्यांनी घराकडे पाहून हाक मारली.

घरातून एक बाई बाहेर आली. म्हणजे इतका वेळ एक बाई आत होती. ठगीबाई, रायसिंगदादांची बायको, वेस्तीची सासू आणि पाड्यावरची दाई. बारीक चणीची, हातात चांदीची जाड कडी. तिने माझ्याकडे पाहिलं, मसुद्याकडे पाहिलं, खाली गाडीकडे पाहिलं. मग पुरुषांमध्ये आणि तिच्यात बोलणं सुरू झालं. मोठ्याने, एकमेकांवर चढून, मधेच हसत, मधेच भांडत. एक म्हातारा सारखा नको नको म्हणत होता आणि ठगीबाई त्याला गप्प करत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. आपल्याबद्दल बोललं जात आहे आणि आपल्याला विचारलं जात नाही, ही जागा मला नवी होती.

शेवटी रेशमाताई म्हणाल्या, "गाडी इथेच राहू द्या म्हणतात. पण चावी ठगीबाईकडे द्यायची."

"चावी?"

"हो. गाडी चालवणारा तुमचा, चावी त्यांची. तिच्या हातात चावी दिसल्याशिवाय वेस्ती येणार नाही."

संजूभाऊ चावी द्यायला कां-कूं करू लागले. "साहेब, पोटना सवाल शे मन्हा," ते हळूच म्हणाले. ठगीबाईने हात पुढे केलेला तसाच ठेवला होता. त्यांनी चावी तिच्या हातावर ठेवली, पण किल्लीचं कडं थोडा वेळ सोडलं नाही. तिने ते त्यांच्या बोटांतून काढून घेतलं, लुगड्याच्या पदराला गाठ मारली आणि डोंगर चढू लागली.

मग वाट पाहणं. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वाट पाहणं होतं. घाटातली भीती माझ्या स्वतःसाठी होती, ती सोपी होती. आता मी त्या उभ्या चढावर डोळे लावून बसलो होतो आणि मला एकेक चित्र दिसत होतं. घसरून पडलेली बाई. झाडाखाली निपचित पडलेली बाई. तोंडात वाळलेली जीभ. प्रत्येक चित्राखाली माझं नाव.

गंमत अशी की याच वेळात लोक बोलू लागले. मसुद्यासमोर गप्प बसलेली माणसं आता मला मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढून, स्वतःही खात, एकेक मुद्दा काढत होती. निवासगृहात बाई जाऊन राहिली तर बाकीची पोरं कुणापाशी? सोबत एकच नातेवाईक, तर नवरा की सासू? चूल आपली का तिथली? आणि दाईने बाहेर का बसायचं? "आजवर आत बसली तेव्हा तिने काय वाईट केलं?" एकाने विचारलं. मागच्या रांगेतला, गाडीकडे पाहणारा, त्याचं नाव दित्या. तो म्हणाला, "घर बांधतात ते बरोबर. पण तिथून बाई मनाने परत निघू शकते का, ते सांग. निघू शकत असेल तर जाईल."

मी काहीही लिहून घेत नव्हतो. लिहायला घेतलं की सगळे परत गप्प बसतील, अशी मला धास्ती वाटली.

उन्हं कलायला लागली तेव्हा वरच्या बाजूला पानं हलली. आधी ठगीबाई दिसली, मग तिच्या खांद्यावर भार टाकून उतरणारी वेस्ती. विशीतली, चेहरा घामाने चमकणारा, ओठ दाताखाली धरलेले. अंगणात येऊन ती कुडाला टेकून उभी राहिली. ठगीबाई थेट बोलली आणि रेशमाताईंनी लगेच सांगितलं. "सकाळी पाणी गेलं आहे. बाळ आडवं आहे. ती म्हणते, हे माझ्या हाताने होणार नाही, दवाखाना हवा."

मी उठलोच. पण ठगीबाई पदराची गाठ सोडेना.

"आधी एक कबूल कर म्हणते. ती वेस्तीजवळ बसणार. गाडीत पण आणि आतल्या खोलीत पण."

मसुद्यात बरोबर उलटं होतं. त्या खोलीवर माझा काहीएक अधिकार नव्हता. मी म्हणालो, "कबूल." असं कबूल करताना जी भीती वाटली, तिच्यापुढे घाट काहीच नव्हता.

गाठ सुटली. चावी संजूभाऊंकडे गेली.

खाली

उतरतानाच्या घाटाबद्दल मला फारसं आठवत नाही. मी कडेला बसलो होतो, दरीच्या बाजूला, आणि दरी पाहिल्याचं आठवत नाही. मागे ठगीबाई काहीतरी एकाच सुरात पुटपुटत होती, आणि वेस्तीचा आवाज आला की मला बरं वाटायचं, आणि नाही आला की मी मागे वळून पाहायचो. पहिल्या दवाखान्यात तपासून लगेच सपाटीवरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

तिथे आतल्या दारात मी नर्सबाईंना अडवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. दाई आत बसेल असं मी कबूल केलं आहे, मला तो अधिकार नाही, पण मी कबूल केलं आहे. नर्सबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही.

"ऑपरेशनच्या खोलीत कुणालाच नाही, सर. पण तिथपर्यंत बसू दे. आणि बाहेर आणल्यावर जवळ पहिली तीच." मग ठगीबाईकडे वळून, अहिराणीत, "माय, पहिले हात धुई ले. कोपरलोंग."

ठगीबाईला ते रेशमाताईंनी समजावलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केलेल्यातलं अर्धंच मिळालं होतं. तिने हात धुतले.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. हे कळलं तेव्हा मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. संजूभाऊंनी उठायला हात दिला. "आते घाटमा पायी चालशात, काही वाटाव नही तुमले," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्तीचा नवरा गुजरातेतून आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, कामावरच्या सिमेंटने भरलेल्या कपड्यांत. मी निरोप घ्यायला आत गेलो. बाळ ठगीबाईच्या मांडीवर होतं. मी रेशमाताईंना म्हणालो, "तिला विचारा, निवासगृहाबद्दल तिचं काय मत आहे. आता विचारणं बरोबर नसेल तर राहू द्या."

वेस्तीने ऐकलं आणि उलट विचारलं, "तू काय लिहिलंस?"

मी आदल्या रात्री मोबाइलवर थोडं टिपून ठेवलं होतं. तिने ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचू लागलो. पुरुषांचे मुद्दे, चूल, दाई, गाडीची चावी. ती डोळे मिटून ऐकत होती. मग मी वाचलं: 'गैरसमजामुळे सदर महिला भयभीत होऊन जंगलात पळाली.'

रेशमाताईंनी ते सांगितलं तशी तिने डोळे उघडले. "हे चूक आहे."

"काय चूक?"

"पळाले नाही." ती हळू बोलत होती, टाके दुखत असावेत. "रस्ता सगळा दिसतो अशी एक जागा आहे, तिथे जाऊन बसले. गाडी कुणाची, कोण उतरतं, किती माणसं, ते बघायला. तू उतरलास तेव्हा तुझे पाय थरथरत होते. सासू वर आली तेव्हा मी तिला म्हटलं, हा कुणाला काय पकडून नेणार."

ठगीबाई हसली. रेशमाताई भाषांतर करता करता हसल्या. मीही हसलो असेन.

"भीती वाटत नव्हती?" मी विचारलं.

"वाटत होती. ते लिही. पळाली लिहू नको."

मी ते वाक्य खोडलं. तिच्यासमोर नवीन लिहिलं: 'गाडी कशासाठी आली आहे हे कळेपर्यंत ती रस्ता दिसेल अशा जागी थांबली. तिला भीती वाटत होती.' रेशमाताईंनी ते पावरीत सांगितलं. वेस्तीने परत एकदा सांगायला लावलं, मग मान हलवली.

"आणि धोरणाबद्दल?" मी म्हणालो. माझ्यासमोर मुदत होती, आणि त्या मसुद्याच्या शेवटचं वाक्य मला आता अक्षर अन् अक्षर पाठ होतं. "हो लिहू की नाही लिहू?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. "मी हो म्हटलं तर माझ्या मागून येणाऱ्या बाईला धरून आणतील का? नाही म्हटलं तर तिच्यासाठी गाडी येणारच नाही का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

"मग हेच लिही," ती म्हणाली. "मी विचारलं आहे. आणि खाली लिही, वेस्ती गप्प बसलेली नाही."